गोष्टींतले गणित : तांदळाचा एक दाणा

मागील लेखात अंकगणिती श्रेढीचा, म्हणजे ज्या क्रमात प्रत्येक पद आधीच्या पदापेक्षा एका ठरावीक संख्येने वाढत जाते अशा क्रमाचा विचार झाला. भूमितीय श्रेढीत वाढ बेरजेने होत नाही, गुणाकाराने होते. प्रत्येक पद आधीच्या पदाला एका ठरावीक संख्येने गुणून मिळते आणि त्या संख्येला साधारण गुणोत्तर म्हणतात. ही व्याख्या मुले सहज पाठ करतात, पण तिच्यातील वाढीचा वेग त्यांना जाणवत नाही, कारण रोजच्या व्यवहारात बहुतेक गोष्टी बेरजेनेच वाढताना दिसतात. ही जाण चित्रांतून देणारे एक उत्तम पुस्तक म्हणजे डेमी या अमेरिकी चित्रकर्तीचे, १९९७ साली प्रसिद्ध झालेले ‘वन ग्रेन ऑफ राइस’. डेमी यांचे काही शिक्षण बडोद्याच्या विद्यापीठात झाले होते, आणि या पुस्तकातील सोनेरी रंगाची चित्रे भारतीय लघुचित्रांच्या वळणावर काढलेली आहेत.

कथा भारतातल्या एका भातपिकवणाऱ्या राज्यात घडते. दुष्काळात सर्वांना वाटता यावा म्हणून राजा दरवर्षी प्रजेचा जवळजवळ सगळा तांदूळ आपल्या कोठारांत भरून घेतो आणि दुष्काळ खरोखर पडतो तेव्हा मात्र एक दाणाही बाहेर काढत नाही. मेजवानीसाठी दोन टोपल्या वाहून नेणाऱ्या हत्तीवरून सांडणारा तांदूळ राणी नावाची गावातली मुलगी आपल्या घागऱ्यात झेलते आणि राजवाड्यात परत आणून देते. प्रसन्न झालेल्या राजाने बक्षीस मागण्यास सांगितल्यावर ती आज एक दाणा आणि पुढे तीस दिवसांपर्यंत रोज आदल्या दिवसाच्या दुप्पट दाणे मागते. नवव्या दिवशी तिला २५६ दाणे मिळतात आणि तोवरचे सगळे मिळून ५११ होतात, म्हणजे जेमतेम मूठभर. राजा निश्चिंत असतो. एकविसाव्या दिवशी मात्र १०,४८,५७६ दाण्यांची एक पूर्ण टोपली भरते, सत्ताविसाव्या दिवशी चौसष्ट टोपल्या वाहण्यास बत्तीस बैल लागतात, आणि तिसाव्या दिवशी पुस्तकाची घडी उलगडून रुंद झालेल्या पानावर ५३,६८,७०,९१२ दाणे घेऊन २५६ हत्ती चालत येतात. एकूण दाणे होतात १,०७,३७,४१,८२३.

या पुस्तकाची खरी शैक्षणिक करामत मापे बदलण्यात आहे. आकडा डोळ्यांच्या आवाक्याबाहेर जाऊ लागला की चित्रकर्ती दाणा सोडून मूठ घेते, मग पिशवी, टोपली, जनावर आणि शेवटी कोठार, आणि प्रत्येक वेळी नवे माप पुन्हा थोडक्या संख्येपासून मोजले जाते. त्यामुळे २५६ ही संख्या पुस्तकात दोनदा येते, एकदा दाण्यांची आणि एकदा हत्तींची, आणि हा योगायोग नव्हे. एका हत्तीवर दोन टोपल्या धरल्या तर शेवटच्या दिवशी ५१२ टोपल्या होतात, आणि ५१२ ला १०,४८,५७६ ने गुणले की बरोबर तिसाव्या दिवसाची संख्या मिळते. चित्रातले हत्ती मोजून मुलाला हा हिशेब स्वतः पडताळून पाहता येतो; बालपुस्तकात इतकी काटेकोर सचोटी क्वचितच आढळते.

अशा कथांचे मूळ सांगताना बहुधा बुद्धिबळाच्या पटाच्या आख्यायिकेचा उल्लेख होतो. तिच्यात चौसष्ट घरांवर दुप्पट होत जाणारे धान्य मागितले जाते आणि एकूण दाणे १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ भरतात. ही संख्या कोणत्याही कोठारात मावणारी नसल्याने ते वचन पाळणे राजाला शक्यच नसते. तीस दिवसांची मागणी मात्र पुरी करता येते, आणि चित्रपुस्तकाला असेच गणित हवे असते.

याहून जवळचे साम्य भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त आहे, ज्याची दखल फारशी घेतली जात नाही. सुमारे ११५० साली रचलेल्या या ग्रंथात एका दात्याचे उदाहरण येते, जो याचकाला पहिल्या दिवशी दोन कवड्या देऊन पुढे महिनाभर रोज दुप्पट देण्याचे वचन देतो. उत्तर येते २,१४,७४,८३,६४६ कवड्या, म्हणजे राणीच्या एकूण दाण्यांच्या नेमके दुप्पट, कारण इथे आरंभ एकाऐवजी दोनने झालेला आहे. भास्कराचार्यही मोठा आकडा तसाच ठेवत नाहीत. वीस कवड्यांची काकिणी, चार काकिणींचा पण, सोळा पणांचा द्रम्म आणि सोळा द्रम्मांचा निष्क या कोष्टकाने तो १,०४,८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी आणि ६ कवड्या असा मांडला जातो. डेमी यांनी हे उदाहरण पाहिले होते असे म्हणण्यास आधार नाही, पण प्रचंड संख्या आकलनात आणण्याची रीत दोन्हीकडे एकच आहे.

तीस वेळा दुप्पट करण्याचा खटाटोपही ‘लीलावती’ टाळते. गच्छ, म्हणजे पदांची संख्या, सम असल्यास निम्मी करून ‘वर्ग’ आणि विषम असल्यास एकाने कमी करून ‘गुण’ असे लिहीत शून्यापर्यंत यायचे, आणि मग उलट क्रमाने जात ‘गुण’ असेल तिथे दोनने गुणायचे, ‘वर्ग’ असेल तिथे वर्ग करायचा. तीस या गच्छासाठी २, ४, ८, ६४, १२८, १६,३८४, ३२,७६८ आणि १,०७,३७,४१,८२४ अशा आठच पायऱ्या पडतात. त्यातून एक वजा केला की राणीची बेरीज मिळते. हा वजा केलेला एक कुठून आला हे मुलाला दाण्यांनीच दाखवता येते. एक, दोन आणि चार मिळून सात होतात आणि पुढचा आकडा आठ असतो. कोणत्याही दिवशीचे दान आधीच्या सर्व दानांच्या बेरजेपेक्षा एकाने अधिक भरते. पुस्तकाच्या शेवटी तीस दिवसांचा तक्ता छापलेला आहे, तो वाचनापूर्वी झाकून ठेवणे हिताचे, कारण हा नियम शोधण्याचा आनंद मुलांचा आहे.

कथेचा एक दावा मात्र गणितात तपासून पाहण्याजोगा आहे. तिसाव्या दिवशी राजाची सगळी कोठारे रिकामी होतात आणि राणी तो तांदूळ उपाशी प्रजेला वाटते. तांदळाच्या हजार दाण्यांचे वजन सुमारे २० ग्रॅम धरले, तर एक टोपली जेमतेम २१ किलोंची ठरते, हत्तीवरचे ओझे ४२ किलोंचे, आणि सगळा तांदूळ साडेएकवीस टनांच्या आसपास भरतो. माणशी रोज ४०० ग्रॅम या मानाने तो दीडशे माणसांच्या एका लहान गावाला वर्षभर पुरेल, पण राज्याचा दुष्काळ त्याने हटणार नाही. हा दोष लपवण्याऐवजी वर्गात मुलांपुढे ठेवावा, म्हणजे राणीने आणखी किती दिवस मागायला हवे होते हा प्रश्न त्यांनाच पडेल. दर दहा दिवसांनी श्रेढी १,०२४ पट होत असल्याने मागणी चाळीस दिवसांची असती, तर तांदूळ सुमारे २२,००० टन झाला असता आणि तेवढ्यात दीड लाख माणसांचे वर्ष निघाले असते.