बीडला जायचंय? आधी बीडिंग बघा!

अडीचशे किलोमीटरचा वीकएंड, खरखरीत डांबर आणि कानात सतत ‘घूंऽऽ’. गाडीतला रस्त्याचा आवाज खरंच कमी करता येतो का? येतो. पण मॅट चिकटवण्याआधी थोडं थांबा.

शुक्रवारची संध्याकाळ. लॅपटॉप बंद, सॅक डिकीत, बॉसला ‘मंडेला बोलू’ सांगून झालेलं. खराडी-वाघोलीतून सुटायला तासभर जातो तो जातोच, पण शिक्रापूर मागे पडलं की गाडी जरा धावायला लागते. शिरूर, नगर, कडा, आष्टी, जामखेड आणि बीड. पुण्यात नोकरी करणाऱ्या बीडकरांना हा रस्ता तोंडपाठ. बीड शहरात रेल्वे पोहोचली ती १७ सप्टेंबर २०२५ ला, तीही नगरहून (म्हणजे आताच्या अहिल्यानगरहून). त्यामुळे वर्षानुवर्षं पर्याय तीनच होते. एसटी, ट्रॅव्हल्स नाहीतर स्वतःची गाडी. दोन-तीन इन्क्रिमेंट झाले की तिसरा पर्याय पार्किंगमध्ये येऊन उभा राहतोच.

मग एक गंमत लक्षात येते. शहरात गुळगुळीत वाटणारी आपली हॅचबॅक हायवेला लागली की कण्हायला लागते. शेजारच्याशी बोलायचं तर आवाज चढवावा लागतो, गाणं ऐकायचं तर व्हॉल्यूम वाढवावा लागतो आणि घरी पोहोचेपर्यंत डोकं जड होतं. आई म्हणते, ऊन लागलं. आपण म्हणतो, ट्रॅफिक. खरा गुन्हेगार बऱ्याचदा चाकाखाली असतो.

आवाज येतो कुठून?

गाडीत शिरणाऱ्या आवाजाच्या वाटा दोन. पहिली हवेतून. दाराच्या फटी, काचा, रबर सैल झालेल्या जागा. दुसरी पत्र्यातून. टायर रस्त्यावर आपटतो, ती थरथर सस्पेन्शनमधून बॉडीत चढते आणि दारं, फ्लोअर, डिकी यांचा पातळ पत्रा ढोलाच्या कातड्यासारखा वाजायला लागतो. मायलेज आणि किंमत सांभाळण्यासाठी छोट्या गाड्या हलक्या बनवतात, मग आवाज अडवणारं सामानही बेताचंच घालतात. पुण्यात एआरएआय या वाहन संशोधन संस्थेत तर आवाज, थरथर आणि हादरे या विषयाची वेगळी प्रयोगशाळाच आहे. म्हणजे प्रकरण वाटतं तितकं किरकोळ नाही.

आणि रस्ते! आपला हा रस्ता कड्याला बीड जिल्ह्यात शिरतो, जामखेडला पुन्हा नगर जिल्ह्यात जातो आणि परत बीडमध्ये येतो. डांबराचा पोत बदलला की गाडीतला सूरही बदलतो. नव्या, बारीक खडीच्या डांबरावर गाडी गप्प असते. खडी उघडी पडलेल्या जुन्या डांबरावर खरखर सुरू होते. त्यात ही काळ्या मातीची जमीन. पावसात फुगणार, उन्हात आक्रसणार, त्यामुळे वरच्या रस्त्याला लाटा येतात. मांजरसुंब्याहून केज-अंबाजोगाईकडे वळलात की सिमेंट. तिथे टायर घसरू नये म्हणून आडव्या रेघा ओढलेल्या असतात आणि जोडांवर ठराविक अंतराने ‘थड-थड’. मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर जो एकसुरी ‘घूंऽऽ’ ऐकू येतो, तो याच जातीचा.

नेदरलँड्समध्ये बहुतेक हायवेंवर सच्छिद्र डांबर वापरतात. त्या छिद्रांत टायरचा आवाज जिरतो आणि पावसाचं पाणीही झिरपून जातं. आपल्याकडच्या धुळीत ती छिद्रं पहिल्याच उन्हाळ्यात बुजतील. तेव्हा रस्ता बदलण्याची वाट बघण्यापेक्षा गाडीकडे वळलेलं बरं.

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

माझा एक कॉलेजचा मित्र खराडीत आयटीत आहे. आई-वडील बीडला. वडिलांना, म्हणजे अण्णांना, दर तीन महिन्यांनी तपासणीसाठी पुण्याला आणायचं आणि परत सोडायचं. अण्णांच्या कानाला मशीन आहे. कानाच्या मशीनची अडचण अशी, की ते माणसाच्या बोलण्याबरोबर आजूबाजूचा गोंगाटही मोठा करतं. त्यामुळे गाडी हायवेला लागली की अण्णा मशीन काढून शर्टच्या खिशात ठेवायचे. पुढचे पाच तास ते खिडकीबाहेर बघणार, मुलगा रस्त्याकडे. मी एकदा त्यांच्याबरोबर बीडहून आले तेव्हा आष्टीच्या पुढे अण्णांनी एकच वाक्य उच्चारलं, “कामून एवढं ओरडतंय हे?” ते गाडीबद्दल होतं.

मित्राने ठरवलं, साउंडप्रूफिंग करायचं. एका दुकानात विचारलं तर उत्तर तयार. “सर, पूर्ण गाडी करून टाका, टपासकट.” आता टपावर मॅट लावली तर पावसाची तडतड कमी होते, ऊनही थोडं कमी जाणवतं. पण टायरचा आवाज खालून येतोय आणि आपण वरून झाकतोय! यालाच म्हणतात आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी.

म्हणून आम्ही एका रविवारी आधी आवाज ओळखायचा कार्यक्रम केला. फंडा सिंपल आहे. वेग तोच ठेवून गिअर बदलल्यावर आवाज बदलला तर तो इंजिनचा. रस्त्याचा पोत बदलल्यावर बदलला तर टायरचा. नव्वदच्या पुढे एकदम शिट्टीसारखा वाढला तर वाऱ्याचा. आणि वळणावर घरघर कमी-जास्त झाली तर व्हील बेअरिंग मेकॅनिकला दाखवा, तिथे मॅटचा काही उपयोग नाही.

आधी फुकटातलं

टायर थंड असताना हवा तपासा. योग्य आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. जास्त हवा भरलेला टायर दगडासारखा वागतो. मग टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचा. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. रबर जुनं झालं की कडक होतं आणि जास्त ओरडतं. टायरवरून हात फिरवल्यावर करवतीसारखे दाते लागले तर झीज एकसारखी नाही, त्याचीही घरघर होते. आठ-दहा हजार किलोमीटरला टायरच्या जागा बदलल्या आणि अलाइनमेंट केलं तर ही वेळ सहसा येत नाही. नवे टायर घेताना रुंद आणि जाड खाचांचे, ‘जीपसारखे’ दिसणारे टायर टाळा. दिसतात भारी, वाजतातही भारी. भारतात टायरच्या आवाजावर सरकारी मर्यादा आली ती २०२२ च्या नियमांनी. पण ती मर्यादा गाडीबाहेर मोजलेल्या आवाजाची आहे, आतल्या नाही.

आता बीडिंग, म्हणजे दाराभोवतीचं रबर. दारात दहाची नोट धरा, दार लावा, नोट ओढा. अडकली तर ठीक. अलगद निघून आली तर तिथून हवा आणि आवाज दोन्ही आत येतायत. अशी नोट दाराच्या चारही बाजूंनी फिरवा. मित्राच्या गाडीत मागच्या डाव्या दाराला, नेमकं अण्णा बसतात तिथे, नोट सुळकन बाहेर आली. एका दाराचं रबर बदलणं हे या सगळ्यातलं सगळ्यात स्वस्त काम.

सगळ्यात फुकटचा उपाय मात्र उजव्या पायाखाली आहे. वेग दुप्पट केला की टायरचा आवाज साधारण ९ ते १२ डेसिबलने वाढतो. १० डेसिबल वाढले की कानाला आवाज जवळपास दुप्पट वाटतो. शंभरवरून ऐंशीवर आलात तर ३ डेसिबलच्या आसपास कमी होतात. घरच्या घरी केलेल्या मॅटच्या कामातूनही बऱ्याचदा एवढाच फरक पडतो.

आता मॅटकडे

दुकानात तीन प्रकारचा माल दिसेल. तिघांची कामं वेगळी आहेत, एकाचं काम दुसरा करत नाही.

पहिला, डॅम्पिंग शीट. ब्यूटाइल रबरचा चिकट थर आणि वर अॅल्युमिनियमचा पत्रा. स्टीलच्या ताटाला चमच्याने वाजवा, ‘टण्ण’. आता मागून तळवा लावून वाजवा, ‘थप्प’. हेच काम ही शीट करते. पत्र्याच्या थरथरीची उष्णता करून टाकते. आणि हा भाग नीट वाचा, पैसे वाचतील. पत्रा इंचनइंच झाकायची गरज नसते. मधोमध, जिथे तो सगळ्यात जास्त थरथरतो, तिथे पाव ते एक तृतीयांश भाग झाकला तरी बहुतेक फायदा मिळतो.

दुसरा, फोम. हा हवेतला आवाज शोषतो, पण जाडीच्या हिशोबाने. १००० हर्ट्झच्या आवाजाची लांबी साधारण ३४ सेंटिमीटर, आणि फोम नीट शोषायचा तर लांबीच्या पाव भाग तरी जाड हवा. दारात बसतो पाच-दहा मिलिमीटरचा. त्यामुळे तो शिट्टी आणि सळसळ कमी करतो, खालच्या सुरातली घरघर त्याला जुमानत नाही. फोम बंद पेशींचा घ्या. स्पंजसारखा असेल तर दारात पाणी धरून गंज चढवेल.

तिसरा, जड पडदा. वजनदार व्हिनाइलची चादर, जी फ्लोअरवर कार्पेटखाली पसरतात. भिंत जितकी जड तितका आवाज कमी, असा साधा हिशोब. पण भिंतीत फट राहिली की सगळं मुसळ केरात.

आणि एक चौथा माल, जो अजिबात घेऊ नका. टेरेसच्या वॉटरप्रूफिंगचा डांबरी रोल. स्वस्त असतो, चंदेरी दिसतो, ‘सेमच आहे’ असं सांगूनही विकतात. बीडचा मे महिना चाळिशीच्या पार जातो आणि उन्हात बंद उभी केलेली गाडी आतून त्याहून कितीतरी जास्त तापते. डांबर मऊ होतं, वास सुटतो आणि दारातून काळे ओघळ येतात. रोलचा कोपरा नखाने खरवडून वास घ्या. डांबराचा आला तर नमस्कार करून निघा.

मित्राने आधी रबर आणि टायर केले. मग फक्त चार दारं, डिकी आणि मागच्या चाकांवरचा पत्रा. टप नाही, फ्लोअर नाही. फ्लोअरसाठी सीट काढाव्या लागतात. त्याखाली एअरबॅगच्या वायरी असतात आणि वॉरंटी शिल्लक असेल तर आधी विचारून घेतलेलं बरं. पूर्ण गाडी झाकली तर २५-३० किलो वजन सहज वाढतं, तेही मायलेजमधूनच वसूल होतं.

मग झाली का गाडी शांत?

शांत नाही झाली. कोणतीच होत नाही. पण म्युझिक सिस्टीमचा व्हॉल्यूम जो १९ वर ठेवावा लागायचा, तो १४ वर आला. दार लावल्यावर पत्र्याच्या डब्यासारखा आवाज यायचा, तो गेला. पुढच्या खेपेला मी पुन्हा त्यांच्याबरोबर होते. जामखेड गेलं, आष्टी गेली, अण्णांचं मशीन कानातच होतं. कड्याजवळ त्यांनी यंदाच्या कापसाचा विषय काढला. मग कुणाच्या तरी लग्नाचा. मग मित्राला सरळ विचारलं, “तू परत येणार आहेस का तिकडंच राहणार?” हा प्रश्न मित्र चार वर्षं फोनवर टाळत होता. नगर येईपर्यंत दोघं बोलत होते. काय ठरलं ते इथे लिहिणार नाही, पण बोलणं झालं.

एक गोष्ट मात्र विसरू नका. दिवाळीनंतर या रस्त्यांवर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या असतात. त्या गाळपाच्या हंगामासाठी बीड जिल्ह्यातून लाखो ऊसतोड कामगार घर सोडून जातात. रात्री मागे लाल दिवा नसलेली ट्रॉली दिसते त्याआधी कधी कधी तिच्यावरची गाणी ऐकू येतात. गाडी कमी वाजू लागली म्हणून व्हॉल्यूम पुन्हा १९ वर नेऊ नका. वाचवलेले ते डेसिबल बाहेरच्या हॉर्नसाठी आणि आतल्या माणसासाठी आहेत.

शनिवारचं काम

• सकाळी टायर थंड असताना हवा तपासा. डिकीतला सैल जॅक, पाने, बाटल्या घट्ट बसवा. अर्धी खडखड तीच असते.
• दहाची नोट चारही दारांना फिरवा.
• शीट लावण्याआधी पत्रा स्पिरिटने पुसा, धुळीवर काहीच चिकटत नाही. रोलरने दाबून हवा काढा.
• दाराच्या खालच्या कडेची पाणी जायची भोकं बुजवू नका. काच खाली-वर होते ना, तेही पॅनेल लावण्याआधी बघा.
• दुकानदाराला तीन प्रश्न विचारा. ब्यूटाइल की डांबर? जाडी किती मिलिमीटर? चौरस मीटरला वजन किती? उत्तर ‘एकदम हेवी आहे सर’ असं आलं, तर दुसरं दुकान बघा.
• आधी आणि नंतर एकाच रस्त्यावर, एकाच वेगाने, काचा बंद करून ऐका. मोबाइल अॅपचा आकडा फक्त तुलनेपुरता धरा आणि तो शेजारच्याला वाचू द्या.
• इलेक्ट्रिक गाडी असेल तर टायरचा आवाज जास्त जाणवेल. तो झाकायला इंजिनच नाही!