लिंबातले रक्त आणि हातातले नाणे

मराठीच्या प्राध्यापकाने कवितेवर बोलावे, नाटकावर बोलावे, फार तर व्याकरणावर बोलून लोकांना पळवून लावावे. पण दिवाळीच्या फराळाला आमच्या घरी पाहुणे जमले की माझ्याकडून असल्या कसल्याच व्याख्यानाची अपेक्षा नसते. भाचे-पुतणे माझ्याभोवती कोंडाळे करतात आणि एकच घोष सुरू होतो, ‘नाणं गायब करा!’ मग मी हातातली चकली ताटात ठेवतो, बाह्या सरसावतो आणि दहा रुपयांचे नाणे हवेत विरघळवून एखाद्या पुतणीच्या कानामागून काढून देतो. नांदेडच्या महाविद्यालयात अठरा वर्षे साहित्य शिकवून जी कीर्ती मला मिळाली नाही ती या एका नाण्याने मिळवून दिली, हे कबूल करायला आता मला संकोच वाटत नाही.

या विद्येची गोडी मला लागली ती माळेगावच्या यात्रेत. लोहा तालुक्यातल्या एका खेड्यात माझे बालपण गेले. मार्गशीर्ष वद्यात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवे, उंट यांचा मोठा बाजार, तमाशाचे फड, मिठाईची दुकाने आणि भंडाऱ्याने पिवळी झालेली माणसे! त्या गर्दीत एका कनातीत मी जादूचा खेळ पाहिला. पेटीत निजवलेल्या मुलीच्या अंगातून तलवारी आरपार गेल्या आणि ती मुलगी हसत हसत बाहेर आली. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मी आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या गुरुजींना गाठले, कारण स्नेहसंमेलनात तेही हातरुमालाचे दोन-चार खेळ करून दाखवीत.

‘गुरुजी, मला जादू शिकवा.’

त्यांनी खिशातून एक नाणे काढून माझ्या हातावर ठेवले. ‘हे तळव्यात धर. महिनाभर एवढंच.’

महिनाभर! वाचकहो, जादू शिकणे म्हणजे मंत्र पाठ करणे, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात ती होती केवळ मेहनत. तळव्याच्या मांसल भागात नाणे दाबून धरायचे. पण हात दिसला पाहिजे मोकळ्या हातासारखा. त्याच हाताने मी पाणी प्यालो, फळा पुसला, म्हशीला वैरण घातली. नाणे शंभरदा पडले. पडेनासे झाले तेव्हा गुरुजींनी मला आरशासमोर उभे केले आणि या विद्येतले सर्वांत मोठे वाक्य सांगितले : ‘लोक तुझ्या हाताकडे पाहत नसतात. तू जिकडे पाहतोस, तिकडे पाहतात.’ पुढे वर्गात शिकवतानाही हे वाक्य माझ्या किती उपयोगी पडले म्हणून सांगू! मी स्वतः कवितेकडे पाहिले नाही, तर विद्यार्थी खिडकीबाहेर पाहणारच.

गुरुजींचे नियम तीन. पुढे काय होणार हे आधी सांगायचे नाही. एकाच बैठकीत तोच खेळ पुन्हा करायचा नाही. आणि गुपित कोणाला सांगायचे नाही. हे नियम जगभरचे जादूगार पाळतात, हे मला फार पुढे कळले. तिसऱ्या नियमाची तर त्यांनी मला शपथच घातली. पहिल्या जाहीर प्रयोगात माझ्या कोटाच्या खिशातले अंडे फुटून पिवळा ओघळ विजारीपर्यंत आला आणि सारी शाळा खो खो हसली, तेव्हाही ते अंडे तिथे का होते हे मी कोणाला सांगितले नाही!

आपल्या भाषेने या विद्येला नावेही मोठी मार्मिक दिली आहेत. ‘गारुड’ हा शब्द गरुडावरून आला. सापाचे विष उतरवण्याचा मंत्र तो गारुड मंत्र आणि तो जाणणारा तो गारुडी. पुढे रस्त्यावर खेळ करणाऱ्यालाही आपण गारुडी म्हणू लागलो. म्हणजे विष उतरवण्याचा दावा करणारा आणि निव्वळ करमणूक करणारा असे दोघेही एकाच शब्दाच्या पांघरुणाखाली निजले आहेत. उलट ‘हातचलाखी’ हा शब्द किती प्रामाणिक! चलाखी हाताची आहे, देवाची नाही, हे तो शब्दच सांगून टाकतो.

थोर जादूगारांनी हा प्रामाणिकपणा सांभाळला. पुण्याचे जादूगार रघुवीर, म्हणजेच रघुवीर भोपळे (१९२४-१९८४), यांनी मराठी प्रेक्षकांना या कलेचा लळा लावला. त्यांचे चिरंजीव विजय आणि नातू जितेंद्र यांनी ती परंपरा पुढे चालवली. बंगालचे पी. सी. सरकार तर आपल्या प्रयोगाला ‘इंद्रजाल’ असेच नाव देत. जाळे आहे, हे नावातच कबूल! तरीही १९५६ साली बीबीसीच्या दूरचित्रवाणीवर त्यांनी एका तरुणीला करवतीने कापण्याचा प्रयोग केला आणि ती उठून उभी राहण्यापूर्वीच कार्यक्रम संपला, तेव्हा मुलगी मेली की काय, या भीतीने लोकांनी दूरध्वनी करकरून बीबीसीला हैराण केले. खेळ आहे हे माहीत असूनही मनुष्य डोळ्यांवर विश्वास ठेवतो. मग माहीतच नसेल तर?

तेच मला माझ्या मावशीच्या घरी पाहावे लागले.

मावशी लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यात राहते. २००३ सालची गोष्ट. मी तेव्हा नांदेडला एम. ए. करीत होतो. मावशीच्या धाकट्या मुलाला फेफरे येत असे. लातूरच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी झटके पुष्कळ कमी झाले होते. तेवढ्यात कोणा बुवाकडे तिला शेजारणीने नेले. बुवाने मुलावरून लिंबू उतरवले, सुरीने कापले आणि लिंबातून लाल रक्त ठिबकले! ‘बाहेरची बाधा आहे. गोळ्या बंद करा, त्या देवाची वाट अडवतात,’ असे बुवाने सांगितले. मावशीने गोळ्या बंद केल्या.

हे कळताच मी एसटीने लातूर गाठले आणि तिथून मावशीचे गाव. लिंबाचा खेळ मला येत होता. तो करून दाखवला की मावशीचे डोळे उघडतील, अशी माझी खात्री होती. शपथही मोडणार नव्हती, कारण मी फक्त दाखवणार होतो, सांगणार नव्हतो. स्वयंपाकघरात मी लिंबू मागितले, घेऊन गेलेल्या सुरीने कापले. लाल थेंब ताटलीत पडले. मी विजयी मुद्रेने मावशीकडे पाहिले.

मावशीने हात जोडले होते. ‘माय गं! तुझ्या हातात बी देव आला की रे लेकरा!’ आणि मी काही बोलण्यापूर्वीच ती मुलाला ओढत घेऊन आली. ‘मग तूच कर की काही तरी ह्याचं!’

मी घाबरलो. ‘मावशी, हा नुसता खेळ आहे,’ असे पुन्हा पुन्हा म्हणालो. पण कसा ते सांगेना. तिला तो माझा विनय वाटला. दोन दिवस वाद घालून मी नांदेडला परतलो. त्यानंतरच्या आठवड्यात मुलाला दोनदा झटका आला. दुसऱ्या खेपेला तो चुलीपाशी पडला आणि त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

ही बातमी ऐकून मी गुरुजींकडे गेलो. ते आता निवृत्त झाले होते. अंगणात बाजेवर बसले होते. मी सगळे सांगितले आणि विचारले, ‘शपथ मोडू का?’

गुरुजी माझ्यावर रागावलेले मी तेवढे एकदाच पाहिले. ‘हे विचारायला तू इथवर आलास? अरे, जो खेळ म्हणून दाखवतो त्याचं गुपित राखायचं. ती त्याची भाकरी आहे. जो देव म्हणून विकतो त्याचं गुपित कसलं? ती चोरी! चोराची शपथ मी तुला कधी घातली होती?’

मी पुन्हा मावशीकडे गेलो. या वेळी मी हात मागे बांधून बसलो आणि सारे तिच्याकडून करवले. अंगणात तिचीच लाल जास्वंद होती. रोज ती गणपतीला वाहत असे. ‘मावशी, चार फुलं आण. पाकळ्या सुरीच्या पात्यावर चोळ. वाळू दे.’ डाग वाळून काळपट जांभळा झाला. जुन्या लोखंडी सुरीवर तो दिसेनासाच झाला. ‘आता लिंबू काप.’ आंबट रस लागताच तोच रंग लालभडक होऊन ओघळला. मावशीच्या स्वतःच्या हातून, मंत्राविना, बुवाविना!

ती बराच वेळ ताटलीकडे पाहत राहिली. मी म्हणालो, ‘हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. तसंच हे.’

‘एवढंच होय?’ ती म्हणाली. मग एकाएकी तिचे डोळे भरून आले. ‘मग माझ्या लेकराला बरं कोण करणार?’

वाचकहो, या प्रश्नाला माझ्या कोणत्याही खेळात उत्तर नव्हते. भोंदूपणा उघडा पाडताना आपण माणसाच्या हातातली एक काठी काढून घेत असतो. ती किडकी असली तरी त्या माणसाला तिचाच आधार असतो. दुसरी काठी न देता निघून जाणे हाही एक प्रकारचा निर्दयपणाच. त्याच दिवशी मी मावशीला आणि मुलाला घेऊन लातूरला डॉक्टरांकडे गेलो. झटक्याच्या वेळी मुलाला कुशीवर वळवायचे, तोंडात काही घालायचे नाही, गोळी एक दिवसही चुकवायची नाही, हे डॉक्टरांनी तिला शांतपणे समजावले. पुढे चार-पाच वर्षे गोळ्या चालल्या आणि मग डॉक्टरांनीच त्या हळूहळू बंद केल्या. आज तो मुलगा लातूरच्या गंजगोलाईत कापडाच्या दुकानात हिशेब लिहितो. उजव्या हातावरचा डाग मात्र गेलेला नाही. तो दिसला की माझी शपथ मला आठवते.

माझ्या या चुकीवरचे उत्तर जगाने फार पूर्वी शोधून ठेवले होते. १५८४ साली इंग्लंडमध्ये रेजिनाल्ड स्कॉट याने चेटकिणीचा आळ येणाऱ्या गरीब म्हाताऱ्यांची बाजू घेऊन एक ग्रंथ लिहिला, त्यात त्याने गारुड्यांच्या युक्त्याही उलगडून सांगितल्या. १८५६ साली फ्रेंच सरकारने रॉबेअर-हूदँ या जादूगाराला अल्जीरियात पाठवले. तिथल्या फकिरांच्या चमत्कारांचा लोकांवरचा प्रभाव कमी करणे, हे त्याचे काम. त्यात सरकारचा राजकीय स्वार्थ होता, हे उघड आहे. पण गंमत अशी की, त्याचे प्रयोग पाहून लोक त्यालाच मोठा मांत्रिक समजू लागले. शेवटी दुभाष्यांकरवी त्याला सांगावे लागले, की ही केवळ कसबाची करामत आहे. नुसते दाखवून भागत नाही, हा धडा त्याला अल्जीरियात मिळाला, मला औसा तालुक्यात!

महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. समितीचे कार्यकर्ते गावोगावी चमत्कार करून दाखवतात आणि लगेच त्यामागचे कारण सांगतात. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांचा खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. तथाकथित चमत्कार करून लोकांना फसवणे आणि पैसा कमावणे हा आता गुन्हा आहे.

हल्ली राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत मी मुलामुलींना जादू शिकवतो. आधी नाणे देतो आणि ‘महिनाभर एवढंच’ म्हणतो. निम्मे पळून जातात. उरतात त्यांना शिकवतो आणि गुरुजींच्या तीन नियमांआधी माझा एक नियम सांगतो : ‘हा खेळ आहे’ हे पहिले वाक्य. मग खेळाचे गुपित खुशाल राखा. पण कोणी त्याच खेळाने कोणाचे औषध बंद करीत असेल, तर गुपित सांगा. नुसते सांगूही नका. समोरच्याच्या हातून ते करवा. आपल्या हाताने केलेल्या गोष्टीला मनुष्य देव मानीत नाही. नाण्याचे गुपित मात्र मी या लेखातही सांगितलेले नाही, हे चाणाक्ष वाचकांच्या ध्यानात आलेच असेल.

मावशी आता सत्तरीला टेकली आहे. गेल्या दिवाळीत ती आमच्याकडे आली होती. माझा नाण्याचा खेळ संपला तशी ती पदर खोचून पुढे सरकली. तिने पिशवीतून आपली जुनी सुरी काढली आणि नातवंडांकडे पाहून म्हणाली, ‘बसा रे नीट. आता मी लिंबातून रक्त काढणार हाय. पर आधीच सांगून ठेवते, त्यात देव-बीव काही नाही!’

लिंबू कापले गेले. पोरे किंचाळली. आणि लगेच सगळी जास्वंदीच्या झाडाकडे धावली.