जर्मन शेफर्डमधला खुजेपणा : वाहक ओळखण्याची पन्नास वर्षे

जर्मन शेफर्ड कुत्र्यातला आनुवंशिक खुजेपणा हा पीयूषिका ग्रंथीचा विकार आहे. आईबाप धडधाकट, उंचपुरे असतात. पिल्लूही जन्मताना भावंडांसारखेच दिसते. पहिल्या काही महिन्यांत मात्र भावंडे झपाट्याने वाढतात आणि हे एकटे मागे पडते. अंगावरची लोकरीसारखी लव तशीच राहते, वरचे राठ केस येत नाहीत. तोंड कोल्ह्यासारखे निमुळते दिसते, दात उशिरा येतात, नराचे वृषण बऱ्याचदा खाली उतरत नाहीत. पुढे धडावरची लव चिमटीत येईल इतकी सैल होऊन गळते आणि उघडी कातडी काळवंडते. थायरॉइडचे काम मंदावते, मूत्रपिंडे नीट वाढत नाहीत. उपचार झाले नाहीत तर असे कुत्रे चार-पाच वर्षांपलीकडे सहसा जात नाही.

या जातीची नोंद 1899 पासून आहे. त्या वर्षी माक्स फॉन श्टेफानित्स यांनी होरांड नावाचा कुत्रा विकत घेतला आणि जर्मनीत जातीचा संघ स्थापन झाला. गुण पक्के करायचे तर जवळच्या नात्यातली जोडी लावायची, ही तेव्हाची सर्रास रीत होती. बक्षीसपात्र नराला मागणी मोठी, त्यामुळे एकाच नराची पिल्ले देशोदेशी जात. गुणांबरोबर दोषही त्याच वाटेने गेला.

खुज्या पिल्लांची गोष्ट पैदासकार चारचौघांत काढत नसत. त्यात नवल नाही. एक खुजे पिल्लू निघाले की त्या नराचा भाव पडणार. काही पिल्ले लहानपणीच मरत, उरलेली गुपचूप कुणाला तरी देऊन टाकली जात. वंशावळीच्या कागदावर त्यांचा मागमूस राहत नसे. ही कोंडी फोडली ती डेन्मार्कच्या पशुवैद्यकांनी. आंद्रेसन आणि विलेबर्ग यांनी 1976 मध्ये दाखवून दिले की हा दोष एकाच अप्रभावी जनुकाचा आहे. आंद्रेसन यांनी वंशावळी मागे चाळत नेल्या, तेव्हा माग 1940 च्या आसपासच्या विजेत्या कुत्र्यांपर्यंत पोहोचला. फ्रँक निकोलस यांनी 1978 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या नोंदींचे असेच विश्लेषण केले.

हिशेब साधा होता. दोन वाहकांची, म्हणजे सदोष जनुकाची एकच प्रत असलेल्या निरोगी कुत्र्यांची, जोडी लागली तर दर पिल्लामागे खुजे निघण्याची शक्यता चारात एक. जी निरोगी दिसतात, त्यांतही सरासरी तिनात दोन वाहक असतात. प्रदर्शनाच्या रिंगणात पंच कितीही जाणकार असला तरी वाहक त्याच्या नजरेला सापडणे शक्यच नाही. मग ओळखायचा कसा? त्या काळी चाचणी-जोडीचाच काय तो उपाय होता. उदाहरणार्थ, अलास्कन मॅलम्यूट जातीत हाडांच्या वाढीचा वेगळा खुजेपणा आहे. अमेरिकेतल्या त्या जातीच्या पैदासकारांनी संशयित कुत्र्याची जोडी खुज्या कुत्र्याशी लावून पाहण्याची पद्धत राबवली. कुत्रा वाहक असेल तर निम्मी पिल्ले खुजी निघायला हवीत. सलग पाच निरोगी निघाली तर तो वाहक असूनही तसे घडण्याची शक्यता 32 त एक. जर्मन शेफर्डमध्ये तीही सोय नव्हती, कारण या विकारात प्रजननाची संप्रेरकेही कमी पडतात. ज्ञात वाहकाशीच जोडी लावायची, तर तेवढ्याच खात्रीला सुमारे बारा निरोगी पिल्ले लागतात, आणि चुकले तर काही दुबळे जीव जन्माला घालून. इतका खटाटोप किती जण करणार?

कलाटणी नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट विद्यापीठात मिळाली. कोइस्ट्रा आणि सहकाऱ्यांनी 2000 मध्ये दाखवले की कमतरता केवळ वाढीच्या संप्रेरकाची नाही. थायरॉइड आणि प्रजननग्रंथींना चालना देणारी संप्रेरकेही घटतात, अधिवृक्क ग्रंथीचे मात्र शाबूत राहते. 2011 मध्ये फोर्बाय आणि सहकाऱ्यांनी मूळ दोष एलएचएक्स 3 या जनुकात शोधला. तिथे डीएनएच्या सात अक्षरांचा एक तुकडा सहादा येतो. खुज्या कुत्र्यांत त्यातला एक गळालेला असतो. एवढ्याने जनुकाचा संदेश बिघडतो. 2014 मध्ये हाच दोष सारलोस आणि चेकोस्लोव्हाकियन लांडगा-कुत्र्यांत सापडला. या दोन्ही जाती जर्मन शेफर्ड आणि लांडगा यांच्या संकरातून निघालेल्या. आता रक्ताच्या किंवा गालाच्या आतल्या नमुन्यावरून वाहक ओळखता येतो. त्याला पैदाशीतून काढण्याचीही गरज नाही, निर्दोष जोडीदार दिला की पुरे.

सामान्य लोकांपर्यंत हा विषय पोहोचवला तो छायाचित्रांनी. 2019 मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोनातला रेंजर हा खुजा जर्मन शेफर्ड जगभर गाजला. त्याचा फायदा झाला तसा तोटाही. कायम पिल्लासारखा दिसणारा कुत्रा गोंडस वाटतो आणि ‘असाच पाहिजे’ म्हणणारे गिऱ्हाईक तयार होते. रेंजरची वाढ का खुंटली याचे कारण आधी आतड्यातल्या परजीवींत शोधले गेले होते, हा तपशील खरे तर जास्त कामाचा.

विदर्भातल्या वाशीम जिल्ह्यातही, कारंजा असो की रिसोड, पिल्लू न वाढण्यामागे जंत, अपुरा आहार किंवा पार्व्हो विषाणूच्या आजारानंतरचा अशक्तपणा असण्याची शक्यता आधी तपासली जाते, आणि ते बरोबरच आहे. जंताचे औषध, पोटभर खुराक देऊनही पिल्लू भावंडांच्या निम्म्यावर राहिले आणि लव बदलली नाही, तर पुढची शंका घ्यावी लागते. पदव्युत्तर पशुवैद्यक संस्था शेजारच्या अकोल्यात आहे. आजार समजावणेही इथे तितके अवघड नाही. सिकलसेल या माणसांतल्या आनुवंशिक रक्तविकाराच्या तपासण्यांमुळे दोन वाहकांच्या लग्नातला धोका विदर्भात पुष्कळांना ठाऊक आहे. गोठित वीर्यासाठी ठेवलेल्या वळूंच्या आनुवंशिक रोगांच्या चाचण्याही देशात ठरलेल्या आहेत. कुत्र्यांच्या पैदाशीचे केंद्रीय नियम 2017 चे. त्यांत पैदासकाराची नोंदणी आणि मादीच्या वयाची, वेतांची मर्यादा आहे. पण ओळखीतून, कागदाविना आलेल्या पिल्लाच्या आईबापांची जनुकचाचणी कोण मागणार?

खुज्या कुत्र्याला थायरॉइडची गोळी जन्मभर लागते. वाढीचे संप्रेरक डुकराचे चालते, कारण त्याची रचना कुत्र्याच्या संप्रेरकाशी तंतोतंत जुळते. पण ते मिळणे कठीण आणि महागही. काही ठिकाणी प्रोजेस्टेरॉनसारखी औषधे देऊन स्तनग्रंथीतून वाढीचे संप्रेरक स्रवू देतात. ज्या जोडीला असे एक पिल्लू झाले, तिच्यातली दोन्ही जनावरे वाहक असल्याचे चाचणीआधीच सिद्ध होते. ती जोडी पुन्हा लावू नये आणि तिची उरलेली पिल्ले तपासल्याशिवाय पैदाशीला वापरू नयेत.