‘फुल बॉडी कलर, एक रुपयाही खर्च नाही’: जुनी पिकअप घेताना रंगाखालचा गंज कसा ओळखायचा?

व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर एक फोटो येतो. पांढरीशुभ्र पिकअप, काळा चकचकीत हौदा, टायरांना पॉलिश. खाली लिहिलेलं असतं, ‘सिंगल हॅण्ड, फुल बॉडी कलर केलेला, एक रुपयाही खर्च नाही. घ्या आणि धंदा चालू करा.’

गाडी आवडते. थोडी बचत, थोडं कर्ज, असं करून व्यवहार होतो. पहिले काही महिने बरे जातात. मग एक पावसाळा उलटतो आणि दसऱ्याला गाडी धुताना दाराच्या खालच्या कडेला रंग फुगलेला दिसतो. बोटाने दाबला की तो पापडासारखा फुटतो. आत पत्राच उरलेला नसतो.

भाजी, दूध, मासे, सिमेंट, मंडपाचं सामान, असं सगळं वाहणाऱ्या पिकअपवर अनेक घरांचं पोट चालतं. अशी गाडी सेकंडहॅण्ड घेताना बहुतेक जण इंजिनाचा आवाज ऐकतात, टायर बघतात, किलोमीटर विचारतात. गाडीखाली वाकून मात्र कमी लोक बघतात. इंजिनाचं काम करून घेता येतं, टायर बदलता येतात. चॅसी सडली असेल तर मात्र गाडीचा कणाच गेलेला असतो.

मग रंगाखालचा हा गंज ओळखायचा कसा? आणि कोणता गंज चालवून घ्यायचा, कोणता नाही?

आधी समजून घ्या, गंज चढतो कसा?

लोखंडाला पाणी आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र मिळाले की गंज तयार होतो. अ‍ॅल्युमिनियमवरही हवेमुळे थर येतो, पण तो घट्ट असतो आणि आतल्या धातूचं रक्षण करतो. लोखंडाच्या गंजाचं उलटं आहे. तो भुसभुशीत असतो, पाणी धरून ठेवतो आणि खालच्या नव्या लोखंडापर्यंत पोचवतो. म्हणून एकदा सुरू झालेला गंज आपोआप थांबत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. त्यामुळे तो वरच्या रंगाला आतून ढकलतो. रंगावर दिसणारे फोड येतात ते यामुळेच. फोड दिसला म्हणजे गंज आता सुरू होतोय असं नाही, तो आत बराच पसरून झालेला असू शकतो.

मीठ या कामाचा वेग वाढवतं. मिठाच्या पाण्यातून वीज सहज वाहते आणि गंजण्याची क्रिया मुळात विद्युत-रासायनिकच असते. शिवाय मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं. म्हणजे पत्रा वरून कोरडा वाटला, तरी मिठाच्या थराखाली ओलाच राहतो.

पिकअपलाच हा त्रास जास्त का?

कारण पिकअपचा हौदा उघडा असतो आणि त्यात जे भरलं जातं ते पत्र्याला मानवणारं नसतं.

कोकणातलं उदाहरण घ्या. रत्नागिरीच्या मिरकरवाडा किंवा दापोलीजवळच्या हर्णै बंदरावरून मासळी भरलेली गाडी निघते, तेव्हा क्रेटमधला बर्फ वितळत असतो. ते खारं पाणी हौद्याच्या तळावर येतं, फटींतून खाली झिरपतं आणि चॅसीवर टपकत राहतं. रोज, प्रत्येक फेरीला. त्यात समुद्रावरची खारी हवा आहेच. पुढे पावसाळ्यात मासेमारी बंद झाली की तीच गाडी न धुता झाडाखाली उभी राहते आणि ओल्या दमट हवेत गंजत जाते.

समुद्रापासून दूर असलेल्या गाड्याही सुटत नाहीत. रासायनिक खतं मिठासारखीच ओलावा ओढतात आणि लोखंड खातात. शेणखत, ओली वाळू, पावसातला चिखल हे सगळं कोपऱ्यात साचून ओल धरून ठेवतं. वर लोडिंग-अनलोडिंगमध्ये क्रेट, सळ्या, गॅसच्या टाक्या घासून हौद्याचा रंग उडालेला असतो. जिथे रंग उडाला, तिथून गंजाला वाट मिळते.

म्हणून गाडी कोणत्या वर्षाची आहे याबरोबर आणखी एक प्रश्न विचारायला हवा, ‘गाडी आजवर काय वाहत होती आणि कुठे?’ आठ वर्षं कपड्याच्या गाठी वाहिलेली गाडी, चार वर्षं मासळी वाहिलेल्या गाडीपेक्षा पत्र्याने चांगली असू शकते.

गंज नेमका कुठे शोधायचा?

सोपा नियम असा, की जिथे पाणी थांबतं तिथे गंज असतो. पिकअपमध्ये अशा जागा ठरलेल्या आहेत.

दारांची खालची कड : दारात शिरलेलं पाणी बाहेर जावं म्हणून खाली छोटी भोकं असतात. ती मातीने बुजली की पाणी आतच साचतं. दार उघडून खालच्या कडेवरून आतल्या बाजूने बोट फिरवा. पोपडे हाताला लागतील.

केबिनचा तळ : मॅट उचलून बघा. ओल्या चपला, गळणारं काचेचं रबर यामुळे मॅटखाली पाणी राहतं. ड्रायव्हरच्या टाचेखालचा पत्रा जरूर दाबून बघा.

समोरच्या काचेची चौकट : काच बदलताना रंग खरवडला गेला असेल, तर रबराखाली गंज धरतो आणि पावसात पाणी डॅशबोर्डच्या मागे उतरतं.

हौद्याचा तळ आणि फाळका : हौद्यात वरून चेकर पत्रा किंवा रबर टाकलेलं असेल, तर त्याखाली काय आहे ते बघण्याचा आग्रह धरा. दोन पत्र्यांच्या मध्ये अडकलेलं पाणी सुकत नाही. फाळक्याच्या बिजागऱ्या आणि खालची कड हीसुद्धा अशीच जागा.

चाकांवरचे मडगार्ड : टायर उडवतो तो चिखल मडगार्डच्या आतल्या ओठात साचतो. बाहेरून रंग नवा असला तरी आतून हात घातला की खरं कळतं.

चॅसी : सर्वांत महत्त्वाची जागा. गाडी पिटवर किंवा रॅम्पवर घ्या. पाट्यांचे हँगर जिथे चॅसीला जोडलेले असतात तिथे, आडव्या पट्ट्यांच्या सांध्यांवर, केबिन जिथे चॅसीवर बसते तिथे आणि मागच्या चाकांच्या वर नीट बघा. सोबत चॅसीच्या कडेने जाणारे ब्रेकचे पाइपही बघा. ते गंजून फुटले तर भरलेल्या गाडीचा ब्रेक लागणार नाही.

रंग खोटं बोलतोय का?

नवा रंग म्हणजे फसवणूकच, असं अजिबात नाही. पासिंगला, म्हणजे फिटनेस तपासणीला नेण्याआधी गाडी रंगवून घेण्याची पद्धतच आहे. प्रश्न एवढाच, की रंग गंज काढून मारलाय की गंजावरून?

कंपनीत गाडीचा पत्रा आधी फॉस्फेटच्या रसायनातून काढतात, मग विजेच्या मदतीने प्रायमरचा थर चढवतात आणि नंतर वरचा रंग देतात. या सगळ्याची मिळून जाडी साधारण 100 ते 150 मायक्रॉन असते, म्हणजे मिलिमीटरचा सातवा ते दहावा भाग. गॅरेजमध्ये लांबी, म्हणजे पुट्टी भरून रंग मारला, की ही जाडी सहज कितीतरी पट होते. ते ओळखण्याचे काही साधे उपाय आहेत.

पातळ कापडात गुंडाळलेलं लहान लोहचुंबक दारांवर आणि मडगार्डवर फिरवा. जिथे ते नीट चिकटत नाही, तिथे खाली लांबी भरलेली असण्याची शक्यता आहे. बोटाच्या पेराने ठोकून बघा. चांगला पत्रा टणटण वाजतो, लांबी भरलेली जागा बद्द वाजते.

दारांची रबरं, लाइटच्या कडा, वायरिंग, नंबर प्लेटच्या मागची जागा बघा. तिथे रंगाचा फवारा उडालेला दिसला, तर रंग घाईत मारलाय. गाडी सकाळच्या उन्हात, कोरडी असताना बघा. ओल्या गाडीवर आणि ट्यूबलाइटच्या उजेडात रंगातला फरक दिसत नाही.

सगळ्यात जास्त संशय घ्यावा तो खाली मारलेल्या ताज्या काळ्या रंगाचा. गंजलेल्या चॅसीवर डांबरासारखं जाड कोटिंग मारलं की ती नव्यासारखी दिसते, पण आत अडकलेली ओल आपलं काम करतच राहते. ‘कोटिंग करून दिलंय’ हे विकणाऱ्याचं वाक्य ऐकलं, की करण्याआधीचे फोटो आहेत का, हे विचारावं.

उलट, रंग फक्त फिका पडलाय आणि बोट फिरवल्यावर पांढरी पूड लागते, तर घाबरायचं कारण नाही. ते उन्हाचं काम आहे. दिसायला वाईट, पण पत्र्याला लगेच धोका नाही. चमकत नसलेली, मूळ रंगातली गाडी बऱ्याचदा जास्त प्रामाणिक असते. तिच्यातलं सगळं समोर दिसतं.

कोणता गंज चालेल, कोणता नाही?

गंजाचे ढोबळमानाने तीन प्रकार करता येतात.

पहिला, वरवरचा. तांबूस डाग, घासला की खाली चमकणारं लोखंड. जुन्या पिकअपच्या चॅसीवर, बोल्टवर हा असणारच. चालतो.

दुसरा, पोपडे धरलेला. खरवडल्यावर थर निघतात, खड्डे दिसतात. दारावर, मडगार्डवर, हौद्यावर असेल तर दुरुस्ती होते, पण सडलेला पत्रा कापून नवा जोडावा लागतो. टिंकरकडून खर्चाचा अंदाज घ्या आणि तो किमतीतून वजा करायला सांगा.

तिसरा, आरपार गेलेला. पेचकसाचं टोक दाबलं की आत जातं. हा हौद्याच्या पत्र्यात असेल तर विचार करता येईल. चॅसीत, पाट्यांच्या हँगरजवळ किंवा केबिनच्या बैठकीत असेल, तर कितीही स्वस्त मिळाली तरी ती गाडी सोडून द्यावी. चॅसीवर वेल्डिंग करून मारलेली ठिगळं दिसली, तरी हेच. भार त्या ठिगळावरच येणार असतो.

विमा आहे ना, असंही काहींना वाटतं. पण वाहन विम्यात झीज आणि जुनेपणामुळे होणारं नुकसान धरत नाहीत. त्यामुळे गंजाचा खर्च मालकाच्याच खिशातून जातो.

अमेरिकेतलं 3.4 अब्ज डॉलरचं प्रकरण

चॅसीचा गंज किती महागात पडू शकतो, याचं मोठं उदाहरण अमेरिकेत आहे. तिथे उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात. टोयोटाच्या टॅकोमा आणि टुंड्रा या पिकअप आणि सिक्वोया ही एसयूव्ही, यांच्या काही वर्षांच्या मॉडेलमध्ये चॅसीला गंजापासून पुरेसं संरक्षण दिलं नव्हतं, असा दावा ग्राहकांनी कोर्टात केला. 2016 मध्ये कंपनीने तडजोड केली. सुमारे 15 लाख गाड्या तपासून, गरज असेल तिथे चॅसी बदलून देण्याचं ठरलं. त्याचा अंदाजे खर्च 3.4 अब्ज डॉलरपर्यंत सांगितला गेला. चूक मात्र कंपनीने मान्य केली नाही.

आपल्याकडे रस्त्यावर मीठ पडत नाही. पण खारं पाणी हौद्यातून रोज खाली टपकत असेल, तर लोखंडाच्या दृष्टीने फरक फारसा नाही.

गंजाचा कागदपत्रांशी काय संबंध?

आहे, आणि तो थेट आहे. चॅसीवर ठोकलेला नंबर आरसीवरच्या नंबराशी जुळवून बघावा लागतो. गंजाने त्यातले आकडे खाल्ले असतील किंवा तिथे खरवडून रंग मारला असेल, तर गाडी नावावर करताना आणि पासिंगला अडचण येऊ शकते. नंबर परस्पर पुन्हा ठोकून घेता येत नाही, त्याला आरटीओची परवानगी लागते. आरसीवर गाडीच्या रंगाचीही नोंद असते. समोरची गाडी वेगळ्या रंगाची असेल, तर कारण विचारा.

पासिंगचं गणितही लक्षात ठेवा. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांनी फिटनेस घ्यावं लागतं, त्यानंतर दरवर्षी. म्हणजे सात वर्षांची गाडी घेतली, तर लवकरच ती दर वर्षी तपासणीला उभी राहणार आहे.

आणि एक, पुराची गाडी. 2019 मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि 2021 मध्ये चिपळूणला आलेल्या महापुरात असंख्य वाहनं बुडाली. अशा गाडीत सीटच्या रुळांवर गंज, पोकळ भागांत सुकलेला बारीक गाळ आणि कुबट वास अशा खुणा राहतात.

घेतल्यावर काय करायचं?

पत्र्याला जपण्यासाठी लागतं ते मुख्यतः पाणी आणि सवय. मासळी, खत किंवा ओला माल उतरवला, की त्याच दिवशी हौदा आणि गाडीचा खालचा भाग गोड्या पाण्याने धुवा आणि फाळका उघडा ठेवून सुकू द्या. दारांची भोकं तारेने मोकळी ठेवा. रंग उडालेला दिसला की लगेच तेवढा भाग पांढरं लोखंड दिसेपर्यंत घासा, त्याच दिवशी प्रायमर मारा, वर रंग द्या. अंडरबॉडी कोटिंग करायचंच असेल, तर गंज काढून, गाडी पूर्ण सुकवून, शक्यतो उन्हाळ्यात करा.

आणि गाडी घेण्याआधी? एक लोहचुंबक, मोबाइलची टॉर्च, पेचकस आणि ओळखीचा टिंकर सोबत न्या. फार तर तासभर जाईल. विकणारा गाडीखाली बघू देत नसेल, मॅट उचलू देत नसेल, ‘आताच कलर केलाय, काय बघताय’ म्हणत असेल, तर तिथून निघून यावं. हप्ते चार वर्षांचे असतात. पत्राही निदान तेवढी वर्षं टिकायला हवा.