हिमवर्षावातलं केनरोकुएन नक्की पाहा!

जपानला फक्त साकुरासाठीच (चेरीच्या बहरासाठी) जायचं, असं कुणी सांगितलं? कानाझावा शहरातली केनरोकुएन बाग खरी खुलते ती हिवाळ्यात. कागा प्रांताच्या माएदा घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या घडवलेली ही बाग जपानच्या तीन श्रेष्ठ बागांपैकी एक. 1874 मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली.

❄️ युकित्सुरी: इथला बर्फ ओला आणि जड असतो, त्याच्या भाराने फांद्या मोडतात. म्हणून झाडाशेजारी उंच खांब उभारून त्याच्या टोकापासून प्रत्येक फांदीला दोर बांधतात. दरवर्षी 1 नोव्हेंबरला कारासाकी पाइन या झाडापासून हे काम सुरू होतं. मार्चच्या मध्यापासून दोर उतरवतात. उघडलेल्या छत्रीच्या काड्यांसारखे दिसणारे हे दोर म्हणजे माळ्यांची पिढीजात कारागिरी आहे.

🍵 चहागृहं: 1774 मध्ये बांधलेलं युगाओ-तेई ही बागेतली सर्वांत जुनी वास्तू. ते बाहेरून पाहायचं. माचा (हिरवा चहा) प्यायचा असेल तर शिगुरे-तेईमध्ये जा. तिथे तातामी चटईवर बसून, आधी वागाशी ही गोड मिठाई खाऊन मग चहा घ्यायचा.

⛲ कारंजं: पंप नाही! वरच्या तळ्याच्या पाण्याच्या दाबावरच ते उडतं.

🚄 तोक्योहून होकुरिकू शिंकान्सेन या वेगवान रेल्वेने साधारण अडीच-तीन तास लागतात. न घसरणारे बूट घाला आणि सकाळी लवकर पोहोचा.

पुणेकरांनो, सिंहगड रस्त्यावरचं पुणे-ओकायामा मैत्री उद्यान ओकायामातल्या ज्या कोराकुएन बागेवरून साकारलं, तीही जपानच्या त्या तीन श्रेष्ठ बागांपैकीच एक. आधी ते पाहा, मग जपानचा बेत आखा!