त्याच हंड्यात पाणी भरू नका!

बालमित्रांनो, तुमच्या घरात कणगी आहे का? शिंकाळं? उतरंड? नाही ना! वस्तू गेल्या, की त्यांची नावंही हळूच निघून जातात. म्हणून आमच्या चौथीच्या वर्गाने ठरवलं, आपापल्या आजीकडून असे जुने शब्द मिळवायचे आणि शाळेच्या संगणकात जपून ठेवायचे.

संगणक जुनाच, कुणीतरी शाळेला भेट दिलेला. त्यावर लिनक्स ही प्रणाली चालते. मधल्या सुट्टीत मुलं पाळीपाळीने बसायची आणि शब्द टंकायची. एका ओळीत एक शब्द. फाइलचं नावही साधंच, 'शब्द'.

महिन्याभराने फाइल उघडली आणि मी कपाळाला हात लावला! कुणी शब्दानंतर दोन-दोन जागा मोकळ्या सोडलेल्या, कुणी मध्येच चार ओळी रिकाम्या. 'जातं' तर अकरा जणांनी लिहिलेलं! एकूण ओळी ६१२.

"बाई, वाटून घेऊ या. प्रत्येकी वीस ओळी नीट करू," एक मुलगा म्हणाला.

"नको रे! संगणकाकडे याच कामाची हत्यारं आहेत," मी म्हटलं.

ही हत्यारं चित्रावर टिचकी मारून चालत नाहीत. टर्मिनल नावाची एक खिडकी उघडायची आणि तिथे हुकूम टंकायचा. तो हुकूम वाचून काम करून घेणाऱ्याला 'शेल' म्हणतात. हुकूम इंग्रजी अक्षरांत टंकावे लागतात, मी इथे त्यांचे उच्चार देते आहे, बरं का!

'सेड' हा वाहत्या मजकुराचा संपादक. आपण नियम सांगायचा, तो प्रत्येक ओळीला लावतो. ओळीच्या शेवटच्या मोकळ्या जागा काढ, रिकाम्या ओळी फेक, असं सांगितलं की झालं. 'सॉर्ट' ओळी क्रमाने लावतो. 'युनिक' एकासारख्या एक ओळी लागोपाठ आल्या, तर त्यातली एकच ठेवतो. 'एन एल' ओळींना क्रमांक घालतो.

आता गंमत पाहा. युनिक फक्त शेजारची ओळ पाहतो. दोन 'जातं' लांब लांब असतील, तर त्याला पत्ताच लागत नाही. म्हणून आधी सॉर्ट, मग युनिक. आणि एका 'जातं'पुढे मोकळी जागा राहिली असेल, तर संगणकाला ते दोन निराळे शब्द वाटतात! म्हणून सगळ्यांच्या आधी सेड. आजी नाही का, धान्य आधी सुपात पाखडायची, मग निवडायची आणि मगच जात्यात घालायची? क्रम चुकला तर पिठात खडे!

एकाच्या हातातलं काम दुसऱ्याच्या हातात देण्यासाठी मध्ये एक उभी रेघ काढतात. तिला 'पाइप' म्हणतात, म्हणजे नळी. आमचा हुकूम साधारण असा होता:

सेड | सॉर्ट | युनिक | एन एल

ही नळी सुचली कुणाला? अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात मरे हिल इथे बेल लॅब्ज ही नामांकित प्रयोगशाळा आहे. तिथल्या डग मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्येच लिहून ठेवलं होतं, की बागेतल्या रबरी नळीला जशी आणखी एक नळी जोडतो, तसे प्रोग्रॅम एकमेकांना जोडता आले पाहिजेत. पुढे १९६९ मध्ये तिथेच केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही प्रणाली सुरू केली आणि काही वर्षांनी थॉम्प्सन यांनी तिच्यात ही नळी बसवली. आपलं लिनक्स युनिक्सच्याच वळणावर गेलेलं आहे.

आणि गंमत म्हणजे, युनिक्सला पहिलं मोठं काम मिळालं तेही मजकूर नीट मांडण्याचंच! १९७१ मध्ये प्रयोगशाळेच्या पेटंट विभागातले टंकलेखक तिच्यावर अर्ज तयार करू लागले. पेटंटच्या अर्जात पानावरच्या ओळींना क्रमांक असावे लागत. 'रॉफ' नावाचा प्रोग्रॅम ते काम करी. त्या संगणकाची स्मृती होती अवघी २४ किलोबाइट. आजच्या मोबाइलमधला एक फोटोसुद्धा तिच्यात मावणार नाही! एवढ्याशा जागेत अवजड प्रोग्रॅम बसणार कुठून? म्हणून प्रोग्रॅम लहान ठेवावे लागत. एकेकाने एकच काम करायचं, पण चोख, ही रीत तिथे रुजली ती अशी.

तर मुलांनो, इतकं सगळं ठाऊक असूनही मी एक चूक केलीच. नुसता क्रम लावून पाहू म्हणून घाईघाईत टंकलं:

सॉर्ट शब्द > शब्द

ते मधलं बाणासारखं चिन्ह म्हणजे 'आलेलं उत्तर या फाइलमध्ये ओत'. मला वाटलं, 'शब्द' फाइल क्रमाने लागून पुन्हा 'शब्द'मध्येच बसेल. उघडून पाहते तो काय, एकही ओळ नाही! ६१२ च्या जागी शून्य!

का बरं असं झालं? शेल ते चिन्ह पाहतो तेव्हा उत्तर ठेवायचं भांडं आधी रिकामं करून ठेवतो आणि मग सॉर्टला हाक मारतो. म्हणजे हंडा पालथा घालून धुतला, आणि मग माणसाला सांगितलं, 'जा, त्याच हंड्यातलं पाणी घेऊन ये!' तो बिचारा काय आणणार? संगणकाने काहीच चूक केली नव्हती. मी सांगितलं तेच त्याने केलं. आणि फाइलची दुसरी प्रत मी ठेवलेली नव्हती.

बहुतेक मुलांचे शब्द वहीत होते. ते आठवड्याभरात पुन्हा टंकून झाले. पण एक मुलगी आजीला शेजारी बसवून थेट संगणकावरच लिहायची. तिच्या वहीत काहीच नव्हतं. फळ्याच्या कोपऱ्यात तिने आकडा तेवढा लिहून ठेवला होता: आजीचे शब्द ४७.

मी तिच्या घरी गेले. काय बोलावं ते सुचेना. आजीच म्हणाल्या, "अहो बाई, एवढं काय मनाला लावून घेता? पेरणी वाया गेली, तर दुबार पेरायचं!" दोन दुपारी त्या शाळेत येऊन बसल्या. नात टंकत गेली. शेवटी मोजलं, तर शब्द भरले ४४. तीन शब्द काही केल्या आजींना आठवले नाहीत. ते कोणते, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

त्या दिवशी आम्ही सगळे हुकूम एका फाइलमध्ये ओळीने लिहून ठेवले. अशा फाइलला 'शेल स्क्रिप्ट' म्हणतात. एकदा लिहिली, की नवे शब्द आले तरी तीच पुन्हा चालवायची. तिची पहिलीच ओळ आहे: मूळ फाइलची प्रत काढ. आणि शेवटची ओळ: उत्तर नव्या नावाच्या फाइलमध्ये ओत.

स्क्रिप्ट चालवली. पडद्यावर यादी सुरेख लागली. पण तीच मुलगी पुटपुटली, "बाई, पाळणा चुकीच्या जागी बसलाय!" खरंच की! संगणकाने लावलं होतं पायली, पाळणा, पावशेर. आपल्या बाराखडीत 'ळ' येतो 'ह'च्या नंतर, म्हणून पाळणा पावशेरच्या मागे हवा. पण संगणकात प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो, आणि त्या यादीत 'ळ' बसलाय 'ल'च्या लगेच नंतर. क्रम मराठीचा लाव, असं आम्ही त्याला सांगितलंच नव्हतं! हत्यार कितीही चोख असलं, तरी शेवटची नजर माणसाचीच हवी.

पालकांनो, लिनक्स आणि मॅक संगणकांत टर्मिनल असतंच. मुलांना जरूर बसू द्या. मात्र सरावासाठी वेगळा फोल्डर करा आणि त्यात फाइलची प्रत ठेवा, मूळ फाइल नको.

आणि घरी संगणक नसेल तरी बिघडत नाही! कागदाच्या पाच चिठ्ठ्या करा: जातं, पाटा, जातं, सूप, पाटा. एकाने युनिक व्हायचं, दुसऱ्याने सॉर्ट. आधी युनिक आणि मग सॉर्ट केलं, तर किती चिठ्ठ्या उरतात? उलट केलं तर किती? करून पाहा. पण त्याआधी आजीला एखादा जुना शब्द विचारा आणि तो वहीत लिहून ठेवा. आजच!