छोटा भोपळा, गोड भोपळा

आधी एक भलाथोरला भोपळा बघू. २०२३ साली अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या हाफ मून बे गावी भोपळ्यांच्या वजनाची स्पर्धा झाली. पहिला आलेला भोपळा होता जवळजवळ १,२४७ किलोचा! गोष्टीतल्या म्हातारीला तो मिळाला असता, तर वाघ-कोल्ह्यांनाही आत जागा झाली असती.

पण त्याची भाजी केली तर? फिकी, पाणचट आणि नुसती धाग्याधाग्यांची. हे राक्षस वाढवतात ते काट्यावर चढवायला, पानात वाढायला नाही.

असं का होतं? वेलीची पानं उन्हात साखर तयार करतात आणि फळाकडे पाठवतात. फळ त्यातली बरीचशी पिष्ट म्हणून साठवून ठेवतं. आता चमचाभर साखर पेलाभर पाण्यात घातली तर सरबत होतं, हंडाभर पाण्यात घातली तर? फुगलेल्या भोपळ्यात पाणीच फार असतं, म्हणून चव हरवते.

हे एका स्वयंपाक्याला फार खटकत होतं. न्यूयॉर्कजवळचे शेफ डॅन बार्बर यांनी २००९ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या मायकेल मझुरेक यांना गळ घातली, की बटरनट भोपळा जरा लहान करा आणि चवदार करा! मझुरेक यांचं कामच मुळी नवी वाणं तयार करण्याचं. बटरनट म्हणजे फिक्या बदामी सालीचा, लांब मानेचा भोपळा. आपल्या बाजारातल्या लाल भोपळ्याचा तो सख्खा भाऊ, कारण दोघांची वनस्पतिशास्त्रातली जात एकच, कुकुरबिटा मोशाटा. त्यातून पुढे आला ‘हनीनट’. हातात सहज मावेल एवढाच, पण गर गडद शेंदरी आणि चांगलाच गोड.

मला त्याची सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. बटरनटची साल फळ पुरतं पिकण्याआधीच बदामी होते, त्यामुळे शेतकरी फसतो आणि कच्चंच फळ तोडतो. हनीनट कच्चा असतो तेव्हा हिरवा, पिकला की मधाच्या रंगाचा. ‘मी तयार आहे’ असं तो स्वतःच सांगतो!

जपानचा काबोचा मात्र तोडल्यावरही थांबायला लावतो. हिरव्या सालीचा, बुटका. ताजा कापला तर पिठूळ लागतो. तोडून काही आठवडे ठेवला की त्यातली विकरं, म्हणजे एन्झाइम, पिष्टाची साखर करत बसतात आणि तो आपोआप गोड होतो. जपानी लोक वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशी, डिसेंबरमध्ये, तो मुद्दाम खातात. तोवर त्याची गोडीही मुरलेली असते.

मग काय, लहान तेवढा गोड? छे! भोपळ्याचे रानटी पूर्वज अमेरिका खंडातले. ते चेंडूएवढेच होते आणि कडूजहर. हत्तीसारखे दिसणारे, आता नामशेष झालेले मॅस्टोडॉन ते खायचे. त्यांच्या हजारो वर्षांपूर्वीच्या शेणात या भोपळ्यांच्या बिया सापडल्या आहेत! एवढ्या मोठ्या प्राण्याला त्या कडूपणाचं फारसं काही वाटत नसावं. तो कडूपणा कुकुरबिटासिन या द्रव्याचा. शोभेसाठी विकले जाणारे चिमुकले भोपळे आजही कडू असू शकतात. भोपळ्याचा तुकडा कडू लागला, तर लगेच थुंका आणि घरात सांगा. पोट फार बिघडतं त्याने.

आता मंडईत गेलात की जरा गुप्तहेरगिरी करा. अख्ख्या भोपळ्याचा देठ बघा. कडक, पाच कडांचा आणि फळाला चिकटतो तिथे पसरलेला? मग तो मोशाटा. गोल, जाडजूड आणि नखाने टोकरता येईल इतका मऊ? मग मॅक्झिमा, म्हणजे काबोचाच्या आणि त्या १,२४७ किलोवाल्याच्या घरातला. हो, दोघं एकाच जातीचे!

फोड विकत घेणार असाल तर गर बघा. गडद शेंदरी, घट्ट, पाणी न सुटलेला घ्या. घारग्यांसाठी तर तसाच हवा, कारण घारग्यांची कणीक भोपळ्याच्या आणि गुळाच्या ओलाव्यावरच भिजते. भोपळा पाणचट निघाला की आजी पीठ घालत जाते, घालत जाते, आणि शेवटी गोड पुऱ्या तयार होतात, भोपळा नावापुरता!